‘हम दोनो’ : गोव्याची गिटार, जमैकाचा सॅक्सोफोन

‘हम दोनो’ म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे देव आनंद उभा राहतो. १९६१ सालचा नवकेतनचा चित्रपट, जयदेव यांचं संगीत आणि पडद्यावर एक सोडून दोन देव आनंद. मी आज ज्या ‘हम दोनो’बद्दल बोलणार आहे, ती जॅझ संगीताची एक एलपी आहे. लंडनमध्ये ध्वनिमुद्रित झालेली, १९६९ साली कोलंबिया या लेबलवर निघालेली. वादकांचं नाव तिच्यावर असं आहे : द जो हॅरियट–अमान्सिओ डिसिल्वा क्वार्टेट.

क्वार्टेट म्हणजे चौघांचा ताफा. त्यातला जो हॅरियट जमैकाचा, आल्टो सॅक्सोफोन वाजवणारा. अमान्सिओ डिसिल्वा मुंबईत जन्मलेला, मूळचा गोव्याच्या घराण्यातला, गिटार वाजवणारा. उरलेले दोघे, म्हणजे बासवरचा डेव्ह ग्रीन आणि ड्रमवरचा ब्रायन स्प्रिंग, ब्रिटिश. शिवाय ट्रम्पेट आणि फ्लूगलहॉर्न वाजवणारा इयान कार आणि गायिका नॉर्मा विन्स्टन हे पाहुणे म्हणून आले होते. मात्र तबकडीचे मालक दोघंच, आणि नावही त्या दोघांचंच. गंमत अशी की, जमैकाच्या माणसाचा हिंदीशी काही संबंध नव्हता. गोव्याच्या ख्रिस्ती समाजातही हिंदी ही घरची भाषा नव्हे, ती मुंबईच्या रस्त्यावरची, बाजारातली भाषा. तरीही लंडनच्या दुकानात ठेवायच्या तबकडीला नाव दिलं गेलं ते हिंदी.

ही तबकडी आपल्या इतिहासाच्या कुठल्याच खणात नीट बसत नाही. ब्रिटनमधले जाणकार तिला ब्रिटिश जॅझमध्ये धरतात. आपल्याकडे जॅझची गोष्ट सांगायची झाली तर ती मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात सुरू होते आणि हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात जाऊन संपते. ताज सोडून, सिनेमा सोडून, जो वादक पुढे निघून गेला त्याचं नाव या गोष्टीत येत नाही. म्हणून आधी ती आपल्या ओळखीची गोष्ट थोडक्यात सांगतो, म्हणजे डिसिल्वा तिच्यातून कुठे बाहेर पडला हे कळेल.

पोर्तुगीज अमलातल्या गोव्यात चर्चला जोडून संगीत शिकवणाऱ्या शाळा असत. प्रार्थनेला गायक हवेत, व्हायोलिन वाजवणारे हवेत, म्हणून गावातल्या पोरांना लहानपणीच नोटेशन वाचायला शिकवत. आपल्याकडे गाणं गुरूच्या तोंडून शिकायचं, तिथे कागदावरून. हा फरक साधा वाटतो, पण पुढे त्यावर हजारो माणसांचं पोट भरलं. गोव्यात रोजगार फारसा नव्हता. माणसं मुंबईला येत, बोटीवर खलाशी होत, आचारी होत, आणि ज्यांना नोटेशन वाचता येई ते बँडमध्ये जात. ब्रिटिश हिंदुस्थानात बँड पुष्कळ होते : लष्कराचे, पोलिसांचे, संस्थानिकांचे, मूकपटाच्या थिएटरचे, हॉटेलांचे. समोर कुठलाही कागद ठेवा, गोंयकार तो वाजवणार, अशी त्यांची ख्याती होती.

१९३५ साली लिऑन ॲबी हा अमेरिकेतला कृष्णवर्णीय व्हायोलिनवादक आपला बँड घेऊन ताजमध्ये आला. नंतर पियानोवादक टेडी वेदरफोर्ड आला. त्यांच्या संगतीत आणि त्यांचं ऐकून गोव्याचे वादक जॅझ शिकले. हळदोण्याचा अंतोनियो झेवियर वाझ हा ट्रम्पेट वाजवायचा. त्याला लोक चिक चॉकलेट म्हणत. सी. रामचंद्रांनी, म्हणजे आपल्या पुणतांब्याच्या चितळकरांनी, त्याचा ट्रम्पेट हिंदी गाण्यात आणला. १९५१ सालच्या ‘अलबेला’त तो आपल्या बँडसह पडद्यावरही दिसतो. त्याच सुमारास मुंबईत दारूबंदी आली होती. १९४९ चा दारूबंदी कायदा आणि त्यानंतरची कडक अंमलबजावणी यांनी रात्रीच्या नाचगाण्याचा धंदा बसवला. हॉटेलांतले वादक मोठ्या संख्येनं स्टुडिओत गेले. सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड अशा अरेंजरांनी हिंदी गाण्यांना वाद्यमेळाचा जो साज चढवला, तो आपण अजून ऐकतो. संगीतकाराचं नाव पाठ असतं, पण त्यांचं नसतं. गेल्या काही वर्षांत त्यांच्यावर लेख आले, पुस्तकं आली, हे चांगलं झालं. पण तोवर त्यांच्यातले बरेचजण गेलेले होते.

ही माणसं मुंबईत राहायची कुठे? कुडांमध्ये. कूड म्हणजे एकेका गावाच्या लोकांनी मुंबईत चालवलेली खोली. धोबीतलावाच्या जेर महालात अशा कुडी आहेत. एका दालनात भिंतीला लागून पत्र्याच्या पेट्या रचलेल्या, एका कोपऱ्यात वेदी, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून रोझरी म्हणायची आणि रात्री मिळेल तिथे अंथरूण टाकायचं. भाडं नाममात्र. बोट लागेपर्यंत किंवा नोकरी मिळेपर्यंत थांबायचं.

मी चाकणला राहतो, त्यामुळे कुडीचं वर्णन वाचताना मला ते अजिबात जुनं वाटत नाही. कांद्याच्या बाजाराचं हे गाव आता एमआयडीसीचं झालं आहे. इथल्या वाड्यावस्त्यांवर एकेका खोलीत सहा-सात पोरं राहतात, कुणी लातूरचं, कुणी यवतमाळचं, कुणी बिहार-ओडिशाचं. पहिल्या पाळीचा उठला की रात्रपाळीचा येऊन त्याच गादीवर पडतो. खोलीत एकाच्या मोबाइलवर भोजपुरी गाणं असतं, दुसऱ्याच्या मोबाइलवर शिंदेशाही. महिन्याभरात दोघांना एकमेकांची गाणी तोंडपाठ होतात. कुणी त्याला मिलाफ वगैरे म्हणत नाही. खोली एक आहे, एवढंच त्याचं कारण.

हे मुद्दाम सांगितलं, कारण संगीतातल्या ‘फ्यूजन’चा इतिहास आपण नेहमी उलट्या टोकानं सांगतो. दोन मोठी संगीतं समोरासमोर बसतात, मधे कुणी विद्वान दुभाषा असतो आणि मग संगम होतो, असं त्याचं चित्र असतं. रविशंकर आणि यहुदी मेन्युहिन यांचं चित्र असंच आहे आणि ते खोटं नाही. पण गोव्याच्या मांडोला अशा संगमाची गरज कधी पडली? कोंकणी शब्द, पाश्चात्त्य स्वरमेळ, संथ लयीतला नाच आणि विरहाचा सूर. एकोणिसाव्या शतकापासून लोक तो लग्नाघरी गात आले. त्याला कुणी प्रयोग म्हटलं नाही. अमान्सिओ डिसिल्वा ज्या समाजात जन्मला त्याच्या कानाला मुळातच दोन घरं होती.

डिसिल्वाचा जन्म १९३६ सालचा. तो हॉटेलांतून, क्लबांतून गिटार वाजवत मोठा झाला. जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवी त्याच्या वादनावर खूश होत्या आणि त्यांनी त्याला चांगली गिटार घेऊन दिली. पुढे त्यानं ‘महाराणी’ आणि ‘जयपूर’ अशा दोन रचना केल्या, त्यामागे हे ऋण आहे. त्याची पत्नी जॉइस आयरिश. १९६७ साली हे कुटुंब लंडनला गेलं. कारण संगीताचं नव्हतं. मुलगा स्टेफानो लहान होता, आजारी होता आणि त्याच्यावर तिथे उपचार करायचे होते. एका गिटारवादकानं मुंबई सोडण्याचं कारण इतकं घरगुती असावं, हे मला लक्षात ठेवण्यासारखं वाटतं. त्याच्याविषयी लिहिताना कुणी ‘पश्चिमेच्या शोधात’ वगैरे लिहिलं, की मला आधी हा मुलगा आठवतो.

लंडनमध्ये डेनिस प्रेस्टन नावाचा निर्माता होता. हॉलंड पार्क भागात त्याचा लॅन्सडाउन स्टुडिओ होता. तो स्वतःच्या हिमतीवर ध्वनिमुद्रण करायचा आणि तयार झालेलं संगीत मोठ्या कंपनीला द्यायचा. ब्रिटनमध्ये असं करणाऱ्या पहिल्या काही जणांतला तो. डिसिल्वाची पहिली एलपी ‘इंटिग्रेशन’ त्यानंच काढली, तीही १९६९ चीच. तिच्यात डॉन रेंडेल आणि इयान कार हे त्या काळातले ब्रिटिश जॅझमधले आघाडीचे वादक साथीला होते. ‘गँजेस’, ‘जयपूर’, ‘महाराणी’ या नावांच्या रांगेत तिच्यात एक नाव आहे ‘जॉइस कंट्री’. आयर्लंडच्या पश्चिमेला खरंच या नावाचा प्रदेश आहे, आणि बायकोचं नावही जॉइस. गंगेपासून आयर्लंडपर्यंतचा सगळा प्रपंच एका तबकडीत मावला.

आता दुसरा माणूस. जो हॅरियट किंग्स्टनचा, जन्म १९२८. तो अल्फा बॉइज स्कूलमध्ये वाढला. अनाथ आणि गरीब मुलांसाठी कॅथलिक जोगिणींनी चालवलेली ही शाळा. तिथला बँड प्रसिद्ध होता. जमैकाच्या संगीतातली कितीतरी मोठी नावं त्या बँडमधून आली. म्हणजे पहा, अरबी समुद्राच्या काठी आणि कॅरिबियन समुद्रात, दोन वेगवेगळ्या साम्राज्यांच्या वसाहतींत, एकच प्रकार चालू होता. चर्चच्या आवारात गरिबांची पोरं पाश्चात्त्य वाद्यं शिकत होती आणि बाहेर पडून चर्चला न शोभणारं संगीत वाजवत होती.

हॅरियट १९५१ साली इंग्लंडला आला. सुरुवातीला तो चार्ली पार्करच्या वाटेनं वाजवायचा. पण १९६० सालच्या ‘फ्री फॉर्म’ आणि १९६२ च्या ‘ॲबस्ट्रॅक्ट’ या तबकड्यांत त्यानं ठरलेला स्वरमेळ, ठरलेली बंदिश, कधीकधी ठरलेली लयसुद्धा सोडून दिली. वादकांनी एकमेकांचं ऐकत ऐकत वाजवायचं, एवढाच नियम ठेवला. अमेरिकेत ऑर्नेट कोलमन याच सुमारास असंच काही करत होता. हॅरियटची वाट वेगळी होती, तरी त्याला कोलमनची नक्कल समजणारे लोक होतेच. ‘डाउन बीट’ या अमेरिकी मासिकानं ‘ॲबस्ट्रॅक्ट’ला पाचपैकी पाच तारे दिले. लंडनमध्ये त्यानं पोट भरलं असं मात्र झालं नाही.

पोटासाठी म्हणा किंवा कुतूहलापोटी म्हणा, १९६५ च्या सुमारास तो एका वेगळ्याच कामात शिरला. जॉन मेयर हा कलकत्त्याचा अँग्लो-इंडियन व्हायोलिनवादक, लंडनमध्ये पाश्चात्त्य अभिजात संगीताची रचना करायचा. त्याची एक गोष्ट सांगतात. प्रेस्टननं त्याला विचारलं, एका तबकडीत जागा उरलीय, तुझ्याकडे छोटी रचना आहे का? नसताना मेयर ‘आहे’ म्हणाला आणि रात्री बसून त्यानं ती लिहून काढली. ती न्यूयॉर्कला अटलांटिक कंपनीच्या अहमत एर्टेगनच्या कानावर गेली, आणि भारतीय संगीत व जॅझ एकत्र आणणारी पूर्ण एलपी करा, असा निरोप आला. तीच ‘इंडो-जॅझ स्वीट’, १९६६ ची. तिच्यात पाच जॅझवाले आणि त्यांच्यासमोर मेयरसह भारतीय बाजूचे पाच, असा दुहेरी ताफा होता. चार भागांपैकी दोन भागांना ‘राग मेघ’ आणि ‘राग गौड सारंग’ अशी नावं होती. सतारीवर दिवाण मोटीहार होते आणि तबल्यावर केशव साठे.

केशव साठे मुंबईचे. १९५० च्या दशकात ते लंडनला गेले आणि तिथलेच झाले. मेयर-हॅरियटच्या या तबकडीत आणि नंतरच्या ‘इंडो-जॅझ फ्यूजन्स’ तबकड्यांत तबला त्यांचा. पुढे जॉन रेनबर्न या इंग्रज लोकसंगीतकाराच्या ताफ्यातही ते होते. इंग्लंडमधल्या जुन्या लोकगीतांना त्यांनी तबल्याची साथ केली. एका साठ्यांनी हे केलं आणि आपल्या संगीतविषयक लिखाणात त्यांच्या नावाला एक ओळ मिळू नये, याचं मला नवल वाटतं. तबलजीची परंपरा सांगताना आपण घराणी मोजतो. साठे ज्या घराण्यात बसतील ते घराणं अजून आपण मानलेलं नाही.

इंडो-जॅझचं काम कष्टाचं होतं, पण त्यात एक शिवण दिसायची. मेयर बहुतेक सगळं कागदावर लिहून द्यायचा. रागाचे स्वर ठरलेले, त्यावर हॅरियटनं आपला तुकडा वाजवायचा, मग सतार, मग पुन्हा एकत्र. एक बाजू थांबली की दुसरी सुरू. आपल्याकडे मुंबईत शंकर-जयकिशन यांनी १९६८ साली ‘रागा-जॅझ स्टाइल’ ही एलपी केली, तिचीही मांडणी काहीशी अशीच होती. अकरा राग, रईस खान यांची सतार, आणि साथीला मुंबईचे कसलेले वादक : सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग, पियानोवर लुसिला पाशेको, ड्रमवर लेस्ली गोदिन्हो. तोडीपासून भैरवीपर्यंत एकेक राग जॅझच्या पोशाखात येतो. ऐकायला ती तबकडी झकास आहे, आजही मजा येते. पण तिच्यात राग हा राग राहतो आणि पोशाख हा पोशाख.

‘हम दोनो’ या दोन्हींच्या नंतर आली आणि तिच्यात सतारही नाही, तबलाही नाही. हॅरियटनं तोवर तीन-चार वर्षं भारतीय वादकांच्या शेजारी उभं राहून वाजवलं होतं. डिसिल्वाला तर ते मुद्दाम शिकण्याची गरज नव्हती. दोघांनी भारतीयपणाची बाहेरची खूण काढून टाकली आणि साधी जॅझची वाद्यं घेतली. मला या तबकडीतली सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते.

वाद्यांचं थोडं समजावून सांगतो. रागसंगीतात तंबोरा एकच षड्ज धरून ठेवतो आणि गायक त्याच्या आधारानं फिरतो. जॅझमध्ये पायाखालची जमीनच हलत असते. पियानोवादक स्वरांचे गुच्छ, म्हणजे कॉर्ड, बदलत जातो आणि सॅक्सोफोनवाल्याला त्या बदलाच्या बरोबर पळावं लागतं. राग आणि जॅझ एकत्र बसत नाहीत ते इथे. कॉर्ड बदलली की रागाचा आधार गेला, आणि कॉर्ड बदललीच नाही तर जॅझवाल्याला करमत नाही. या क्वार्टेटमध्ये पियानो नाही. कॉर्ड द्यायची तर ती डिसिल्वाच्या गिटारनं द्यायची, आणि गिटारवाला मधेच कॉर्ड सोडून एकेरी स्वर वाजवू लागला की खाली फक्त बास आणि ड्रम उरतात. मोकळं मैदान. डेव्ह ग्रीनचा बास मग जवळजवळ तंबोऱ्याचं काम करतो. हॅरियटला असं मोकळं मैदान ‘फ्री फॉर्म’पासून हवंच होतं, आणि डिसिल्वाच्या कानाला ते परकं नव्हतं. दोघं दोन दिशांनी येऊन एकाच जागी पोचले.

दुसरी अडचण मींडेची. गिटारला पडदे असतात, स्वर जिथल्या तिथे खिळलेले. सॅक्सोफोनवर ओठांच्या दाबानं स्वर थोडा खाली-वर करता येतो, आणि हॅरियटचा सूर तर मुळातच धारदार, थोडा ओरबाडणारा, रडू फुटण्याच्या बेतात आलेल्या माणसासारखा. डिसिल्वाची गिटार त्यामानानं कोरडी, नेटकी. ती सतारीची नक्कल करत बसत नाही. त्या काळात गिटारवर सतारीचा आव आणणारे कितीतरी होते, बीटल्सच्या मागून ती लाटच आली होती. हा माणूस त्या लाटेत शिरला नाही. स्वरांची निवड त्याची आपल्याकडची, पण उच्चार गिटारचा. मुखडा गिटार आणि सॅक्सोफोन जोडीनं घेतात तेव्हा या दोन आवाजांतलं अंतर कळतं आणि तेच गोड लागतं. 

पहिली रचना आहे ‘स्टेफानोज डान्स’. ज्या मुलाच्या उपचारांसाठी बिऱ्हाड लंडनला हललं, त्याच्या नावाचा हा नाच. ही माहिती नसली तरी रचना उभी राहते, माहिती असली की तिचा आनंद वेगळा वाटतो. दुसऱ्या एका रचनेच्या नावात निव्वळ थट्टा आहे : ‘स्प्रिंग लो, स्वीट हॅरियट’. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या एका प्रसिद्ध भक्तिगीताच्या नावात ड्रमवाल्याचं आणि सॅक्सोफोनवाल्याचं आडनाव बेमालूम घुसवलेलं.

आणि ‘बॅलड फॉर गोवा’. मी ही रचना पुष्कळदा ऐकली आहे. तिच्यात मांडोची अमुक चाल आहे असं मी म्हणणार नाही, तसं काही दाखवता येत नाही. पण तिची चाल संथ आहे, जागची न हलता दुखत राहणारी. लंडनमध्ये बसलेल्या, मुंबईत जन्मलेल्या माणसानं गोव्यासाठी केलेलं गाणं. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला तेव्हा डिसिल्वा पंचविशीत होता. मुंबईच्या गोंयकारांना गोवा हा तोवर परदेशच होता, हद्द ओलांडायला कागद लागायचे. एका अर्थी तो आपल्याच गावाला पाहुणा. ‘गोव्याविषयी’ न म्हणता त्यानं ‘गोव्यासाठी’ म्हटलं, यात पाहुण्याचा संकोच आहे असं आपलं मला वाटतं. या तबकडीत नॉर्मा विन्स्टन शब्दांशिवाय गाते, नुसत्या स्वरांत. ती तेव्हा नवखी होती, पुढे ब्रिटिश जॅझमधली मोठी गायिका झाली. आपल्या सवयीनं आपण त्याला आलाप म्हणून टाकू, पण तिचा आवाज इथे चौथ्या-पाचव्या वाद्यासारखा येतो. बरं झालं शब्द नाहीत. कुठल्या भाषेत घातले असते?

ही तबकडी कुठल्या लंडनमध्ये निघाली हेही पाहायला हवं. १९६८ च्या मार्चमध्ये ब्रिटिश पार्लमेंटनं घाईघाईनं कायदा करून केनियातून येणाऱ्या भारतीय वंशाच्या लोकांची वाट अडवली. हातात ब्रिटिश पासपोर्ट असलेल्या लोकांची. एप्रिलच्या २० तारखेला बर्मिंगहॅममध्ये इनॉक पॉवेल या हुजूर पक्षाच्या खासदारानं बाहेरून आलेल्यांविरुद्ध ते कुप्रसिद्ध भाषण केलं. पक्षानं त्याला नेतेमंडळातून काढलं, पण त्याच्या बाजूनं लंडनचे गोदी कामगार मोर्चानं निघाले. तिथल्या जनतेच्या दृष्टीनं जमैकाचा माणूस आणि मुंबईचा माणूस एकाच रांगेतले : बाहेरचे, काळे, आपल्या नोकऱ्या खाणारे. ज्या दोघांना शहर एकाच शब्दात मोजत होतं, त्यांनी पुढच्याच वर्षी एका तबकडीवर लिहिलं ‘हम दोनो’. त्यांच्या मनात राजकारण होतं की नाही, यावर मी काही बोलणार नाही. नाव मात्र त्या वर्षी त्या शहरात नुसतं नाव राहत नाही. आणि साथीला उभे असलेले डेव्ह ग्रीन, ब्रायन स्प्रिंग, इयान कार हे त्याच शहरातले गोरे वादक होते, हेही त्याच चित्रात आहे. ‘परप्रांतीय’ हा शब्द चाकणच्या चौकात मी इतक्यांदा ऐकतो की हे सांगताना तो सारखा जिभेवर येतो.

पुढचा इतिहास लवकर सांगून होतो. तबकडी फारशी खपली नाही. रॉकचा जमाना होता, ब्रिटनमध्ये जॅझला जागा कमी होत होती. हॅरियटला स्वतःचा ताफा उरला नाही. गावोगावी जायचं, तिथले स्थानिक वादक साथीला घ्यायचे, मिळेल ते मानधन घ्यायचं, असे त्याचे दिवस गेले. २ जानेवारी १९७३ रोजी साउदॅम्प्टनमध्ये कर्करोगानं तो वारला. वय ४४. ‘हम दोनो’ त्याच्या शेवटच्या महत्त्वाच्या कामांपैकी ठरली.

डिसिल्वा आणखी काही वर्षं ध्वनिमुद्रण करत राहिला. १९७२ साली ‘कॉस्मिक आय’ या नावाच्या ताफ्यानं ‘ड्रीम सीक्वेन्स’ ही एलपी केली, तिच्यात गिटार त्याची, व्हायोलिन जॉन मेयरचं आणि तबला केशव साठ्यांचा. इंडो-जॅझची जुनी मंडळी अशी पुन्हा एका खोलीत आली. नंतर तबकड्या थांबल्या. त्यानं लंडनमध्ये मुलांना आणि मोठ्यांना संगीत शिकवलं. १९९६ साली तो गेला तेव्हा मुंबईत त्याची आठवण ठेवणारे फार थोडे होते.

मग २००० नंतर उलटं झालं. लंडनच्या डीजेंना आणि संग्राहकांना १९६० च्या दशकातलं ब्रिटिश जॅझ नव्यानं सापडलं. ज्या तबकड्या दुकानात धूळ खात होत्या, त्यांच्या मूळ प्रती शेकडो पौंडांना जाऊ लागल्या. ‘हम दोनो’ची मूळ प्रत आज चाकणच्या एखाद्या कंत्राटी कामगाराच्या दोन-तीन महिन्यांच्या पगाराएवढी पडेल. वाजवणाऱ्यांना यातलं काही मिळालं नाही, हे वेगळं सांगायला नको. पण त्या लाटेमुळे जुनी टेप शोधून काढायला लोक धजावले. १९७२ साली डिसिल्वानं लॅन्सडाउनमध्ये आणखी एक पूर्ण तबकडी वाजवून ठेवली होती आणि ती कधी निघालीच नव्हती. चौतीस वर्षं टेप पडून होती. २००६ साली, तो गेल्यावर दहा वर्षांनी, व्होकॅलियननं तिची सीडी काढली. 

इंग्रजी अक्षरांत छापलेलं तिचं नाव मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. ‘कोंकण डान्स’.